पंख मोडून बघणं: गरज की तमाशा?

ओझरवाला
काल टाऊनशिपच्या कट्ट्यावर विषय निघाला, भांडण अर्धवट राहिलं, म्हणून इथे टाकतोय. नियम असा: मोठ्या प्रवासी विमानाच्या पंखावर उभ्या आयुष्यात पडेल त्या कमाल भाराच्या दीडपट भार टाकायचा आणि ३ सेकंद टिकतो का बघायचं. १९९५ मध्ये बोइंगने ७७७ चा पंख त्याच्याही पुढे ओढला. टोक ७ मीटरवर उचललं गेलं आणि कमाल भाराच्या १५४ टक्क्यांना कडाड्! बघायला झकास, पण माझ्या मते आज हा तमाशा आहे. दीडपटीचा नियम अ‍ॅल्युमिनियमच्या जमान्यातला. बोइंगचं ७८७ तर वजनाने निम्मं कंपोझिटचं, म्हणजे कार्बनचे धागे राळेत बसवलेल्या साहित्याचं. संगणकावर पंखाचा कण न् कण तपासता येत असताना अख्ख्या विमानाचा बळी कशाला?

सातपूर टूलरूम
संगणकावर माझंही पोट चालतं, तरी सांगतो. फेब्रुवारी २००६, फ्रान्समधलं तुलूझ: एअरबसच्या ए३८० चा पंख १.४५ पटीलाच गेला, दोन इंजिनांच्या मधे. एअरबसकडे काय संगणक नव्हते? २०१९ मध्ये बोइंगचं ७७७एक्स दीडपटीच्या उंबरठ्यावर फाटलं. तेही कुठे, तर पंखामागे धडाला.

ओझरवाला
ए३८० चंच घ्या की. त्यानंतर एअरबसने दुसरा पंख मोडून दाखवला? नाही. सुमारे ३० किलोची मजबुती घातली, आकडेमोड पुढे केली आणि त्याच डिसेंबरात प्रमाणपत्र मिळालं. भरवसा शेवटी गणितावरच ना?

सातपूर टूलरूम
अहो, ते गणित त्या तुटलेल्या पंखानेच तर दुरुस्त केलं! आधीचं गणित पंख टिकेल म्हणत होतं.

गेजवाले काका
दोघंही शेवटच्या कडाड् वरच अडलात. मोडलंच पाहिजे असा नियम नाही. मार्च २०१० मध्ये ७८७ चा पंख १५० टक्क्यांपर्यंत नेला आणि न मोडता खाली आणला.

खरी कमाई वर जातानाच्या वाटेवर असते. नोकरीत स्ट्रेन गेज (पत्रा किती ताणला ते मोजणारी बारीक पट्टी) चिकटवण्यात माझी नजर गेली. पत्रा पॉलिश पेपरने घासायचा, अ‍ॅसिटोनने पुसायचा, रेघ आखून गेज बसवायचा, वर अंगठा दाबून धरायचा. बोट लागलं की परत पहिल्यापासून. अख्ख्या विमानावर असे हजारो. भार टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि प्रत्येक टप्प्याला रीडिंग घेतात. आलेख सरळ चालला तोवर ठीक. एखादा गेज मधेच वळला की समजायचं, तिथला पत्रा सुरकुतायला लागलाय. ही खबर पंख तुटायच्या कितीतरी आधी मिळते. (चिकटवणारा कंटाळलेला असेल तर गेजही खोटं बोलतो, ते वेगळं.)

कॉलेज रोडची मास्तरीण
काका, पण एका दिवसाच्या ताकदीची चाचणी धातूच्या वर्षानुवर्षांच्या थकव्याबद्दल, म्हणजे पुन्हापुन्हा भार पडून तडे जाण्याबद्दल, काय सांगणार? नोव्हेंबर २०१० मध्ये सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए३८० चं इंजिन फुटलं. ते विमान दुरुस्त करताना पंखाच्या आतल्या रिब (फासळ्या) जिथे कातडीला जोडतात त्या पायांना तडे सापडले. २०१२ च्या जानेवारीत तपासणीचे आदेश निघाले. तुलूझच्या मोडतोडीत ते दिसले नव्हते, आणि जर्मनीत ड्रेस्डेनला फटीग टेस्टमध्ये (थकव्याच्या चाचणीत) ४७,५०० उड्डाणांएवढा भार देऊन झाला होता, तरीही! कारण धातूची निवड आणि जोडणी करताना आत राहिलेला ताण.

कॉमेट या जुन्या ब्रिटिश प्रवासी जेटचं तर याहून वाईट. ज्या सांगाड्यावर आधी आत हवेचा जादा दाब देऊन ताकद तपासली, त्याच्यावरच थकव्याची चाचणी घेतली. जादा दाबाने छिद्रांच्या कडा उलट टणक झाल्या, आयुष्य फुगून दिसलं. १९५४ मध्ये खरी विमानं हवेत फुटली. म्हणजे एक चाचणीच दुसरीला फसवून गेली.

ओझरवाला
मग ताई, तुम्ही माझ्याच बाजूच्या! दीडपटीवरचा पैसा तपासणीकडे वळवा.

कॉलेज रोडची मास्तरीण
छे हो. ‘पंख पास झाला’ म्हटल्यावर जे निर्धास्तपण येतं त्याच्यावर माझा राग आहे, चाचणीवर नाही.

सातपूर टूलरूम
आणि दीडपट अ‍ॅल्युमिनियमच्या जमान्यातली म्हणता, तर ऐका. अ‍ॅल्युमिनियम आधी वाकतं, मग तुटतं. कार्बन तशी सूचना देत नाही, सरळ तुटतो. तिथे दीडपट कमी करायला निघालात? खुशाल करा. ओझरहून त्यातलं पहिलं विमान सुटेल तेव्हा खिडकीची जागा तुम्हाला.

ओझरवाला
बसतो की. तिकीट तुम्ही काढा.