बाराशे वस्तीच्या जंक्शनवर फौज पोसायची कशी? (कॉरिंथ, १८६२)

चौकस_पुणेकर
अमेरिकी यादवीतलं मिसिसिपी राज्यातलं कॉरिंथ. वस्ती जेमतेम १२००, पण मेम्फिस-चार्ल्सटन आणि मोबाइल-ओहायो हे दोन लोहमार्ग इथे एकमेकांना छेदायचे. एप्रिल १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत मार खाऊन दक्षिणेचा सेनापती बोरेगार्ड इथे परतला, पुढे कुमक येऊन फौज ७०,००० च्या घरात गेली. रोज दाणागोटा किती लागत असेल? आणि दोन-दोन रेल्वे हाताशी असून मेअखेरीस गाव सोडायची वेळ का आली?

यार्डमास्तर
दक्षिणेचा शिधा कागदावर उत्तरेसारखाच होता, शिपायाच्या हातात कमी पडायचा. म्हणून उत्तरेची नियमावली धरतो: माणशी १२ औंस खारवलेलं डुकराचं मांस किंवा २० औंस बीफ, सोबत १६ औंस हार्डटॅक (कडक बिस्किटं) किंवा २२ औंस पीठ. दर १०० शिध्यांमागे १० पौंड कच्ची कॉफी, १५ पौंड साखर, १५ पौंड घेवडा किंवा वाटाणा. मीठ, साबण, मेणबत्त्या, खोक्यांचं वजन मिळून ढोबळ ३ पौंड. म्हणजे ७०,००० माणसांना रोज ९५ टन. डब्यात ८ ते १० टन बसतो, तेव्हा दहा-बारा डबे. एवढं जमण्यासारखं आहे.

घोडं पेंड खातं ते जनावरांपाशी. घोड्याला रोज १४ पौंड वाळलं गवत आणि १२ पौंड दाणा, खेचराला दाणा ९ पौंड. गुणाकाराच्या सोयीसाठी १०,००० घोडे धरा: ११८ टन! त्यात गवत फुगीर, डबा वजनाने भरायच्या आधी जागेने भरतो. म्हणून डबे कमी पडले की पहिली कात्री वैरणीला. मग जनावरं खंगतात आणि पावसाळी चिखलात तोफा जागच्या हलत नाहीत.

आडातलं_पाणी
वरचा हिशेब बरोबर, पण त्यात पाणी कुठंय? रेल्वे पीठ आणेल, पाणी कोण आणणार? माणशी ४ लिटर म्हटलं तरी २ लाख ८० हजार लिटर, जनावरामागे ३० धरले तर आणखी ३ लाख. कॉरिंथची जमीन सखल, त्यामुळे उथळ विहिरी खणल्या. पाणी गढूळ, गाळाचं, आणि शौचाचे चर त्याच उतारावर. चरावर रोज सहा इंच माती लोटायची असते. ती दोन दिवस चुकली की माश्या होतात, पाऊस पडला की झिरपा विहिरीत. विषमज्वर आणि हगवण यांनी हजारो शिपाई आडवे केले. टिशोमिंगो हॉटेल आणि कोरोना महिला कॉलेज, दोन्ही इमारतींची इस्पितळं झाली. समोर उत्तरेचा सेनापती हॅलेक लाखाच्या वर फौज घेऊन होताच, पण गाव आधी आतूनच पोखरलं होतं.

यार्डमास्तर
मान्य, पाणी विसरलो.

सांधेवाला
एक दुरुस्ती. गाव सोडलं तेही रेल्वेच्याच जोरावर. आधी आजारी आणि अवजड सामान रवाना झालं, २९ मेच्या रात्री बाकी फौज मोबाइल-ओहायोच्या कडेने दक्षिणेला टुपेलोकडे निघाली. रिकामी गाडी आली की शिपाई मुद्दाम जयघोष करायचे, म्हणजे पलीकडे वाटावं कुमकच उतरली. मोर्च्यावर ओंडके तोफांसारखे लावून ठेवले. ३० तारखेला हॅलेकला मिळालं मोकळं गाव.

मात्र एकेरी रुळावर सगळ्या गाड्या एकाच दिशेने लागल्या की एक अडली तर मागच्या सगळ्या अडतात, बगल देणारी लूप लाइन ठरावीक ठिकाणीच. ३० मेला उत्तरेच्या घोडदळाने बूनव्हिलला दारूगोळ्याची गाडी जाळली, ती याच मार्गावर.

चौकस_पुणेकर
मग उत्तरेने त्याच रुळांवर स्वतःचे डबे का नाही चालवले?

सांधेवाला
गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. दक्षिणेत ५ फूट, उत्तरेत बहुतेक ठिकाणी ४ फूट ८॥ इंच. माल कैरो (इलिनॉय) पर्यंत रेल्वेने, तिथून आगबोटीने कोलंबस (केंटकी), तिथे पुन्हा ५ फुटी डब्यांत. मनमाडला ब्रॉडगेजमधून मीटरगेजमध्ये माल उलटवायचे, तसंच, मध्ये नदी धरून. प्रत्येक वेळी हमाल लागणार, खोकी फुटणार.