मर्यादेचा आकडा नंतर, आधी एकक

सगळ्या शेजारी देशांनी किनारी समुद्राच्या पाण्यासाठी नायट्रेटची (शैवाल वाढवणाऱ्या नायट्रोजनच्या संयुगाची) एकच मर्यादा ठरवावी, अशी एक सूचना आहे. पण आकडे मुळात एकाच मापात आहेत का, ते आधी बघा. कुणी अख्खं नायट्रेट मोजतं, कुणी त्यातला फक्त नायट्रोजन. लिटरला १० मायक्रोमोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक) म्हणजे पहिल्या हिशेबाने ०.६२ मिग्रॅ, दुसऱ्याने ०.१४.

मग क्षारता, म्हणजे पाण्याचा खारटपणा. नदीमुखाशी गोडं पाणी जास्त, म्हणून नदीने आणलेला नायट्रोजनही जास्त. हिवाळ्यात, शैवालवाढ मंद असताना, नमुने घ्या, नायट्रोजन क्षारतेसमोर आलेखावर मांडा आणि रेषेवरून ठरलेल्या क्षारतेचं (समजा ३०, म्हणजे किलोला साधारण ३० ग्रॅम क्षार) मूल्य वाचा. तुलना त्याच मूल्यांची. ठिपके विखुरले तर मध्ये दुसरा स्रोत असू शकतो. तिथे ही रीत चालत नाही.

क्लोरोफिलचंही (शैवालातलं हिरवं द्रव्य, त्यावरून शैवाल किती ते कळतं) तेच: कुणी सरासरी धरतं, कुणी ९० वा पर्सेंटाइल, म्हणजे ९० टक्के नमुने ज्याच्या खाली येतात तो आकडा.

समुद्राला किती चालेल ते आधी ठरवून मर्यादा तिथून मागे मोजत नदीपर्यंत आणावी हे बरं. जर्मनीत उत्तर समुद्राला मिळणाऱ्या नद्यांना मुखाशी एकूण नायट्रोजनची मर्यादा २.८ मिग्रॅ/लिटर, बाल्टिक समुद्राला मिळणाऱ्यांसाठी २.६. पिण्याच्या पाण्याची ५० मिग्रॅ नायट्रेटची मर्यादा नायट्रोजनमध्ये ११.३ होते, म्हणजे चौपट सैल!