स्टेंट बसलाय, पहाटे फिरायच्या आधी अप्पांना खायला काय द्यावं?

मेहरूण_काठ: आमचे अप्पा ६३ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. साखरेची ग्लिमेपिराइड आणि हृदयाची मेटोप्रोलॉल चालू आहे. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. अप्पा पहाटे पाचला उपाशीच जळगावच्या मेहरूण तलावावर जातात. आई म्हणते, पोटात काही तरी हवं. घरातलंच सांगा, महिन्याला तीनशेच्या वर जायचं नाही. पावडरी नकोत.

धुळेकर_नाना: ट्रेडमिल घ्या. मी ३८ हजारांत घेतली, एक नंबर मशीन. सध्या सून तिच्यावर चादरी वाळत घालते, ती गोष्ट वेगळी.

भुसावळचा_भो: नाना, खायचं विचारलंय त्यांनी! माझं ऐका भो. मागच्या डिसेंबरात चाळीसगावकडे भरीत पार्टी होती. कळण्याच्या तीन भाकरी, भरीत दोनदा, वरून कच्चं तेल. तासाभरात पाटणादेवीच्या मागचा डोंगर चढायला घेतला. अर्ध्यात छाती आवळली, जबडा दुखायला लागला. तिथंच बसलो, सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं की घ्यायची गोळी) जिभेखाली धरली, पाचेक मिनिटांत उतरलं. डॉक्टर चिडले. जेवण पचवायला पोटाकडे रक्त जास्त जातं, तेव्हाच हृदयाचं काम वाढलेलं असतं, त्यात तुमची चढाई. भरपेट जेवलं की दोन तास तरी थांबायचं. आणि गोळी खिशात, घरच्या कपाटात नाही.

केळीवाला_रावेर: अर्धं केळं. विषय संपला. जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, उगाच नाही मिळालं.

यावलकर: नाव जळगावचं, घाम आमचा. आणि केळं सगळ्यांना चालत नाही. किडनी कमजोर असेल तर पोटॅशियम वाढतं. माझ्या सासऱ्यांचं बंदच केलंय.

केळीवाला_रावेर: अर्ध्या केळ्यानं काय होतंय?

चोपड्याची_ताई: केळं राहू द्या, ग्लिमेपिराइड बघा. आमचे हे असेच उपाशी गेले आणि रस्त्यातच मटकन बसले. सदरा घामानं चिंब. लोक म्हणे ॲटॅक. साखर तपासली तर ५८, फारच कमी! मेटोप्रोलॉल असली की साखर उतरल्याची धडधड जाणवत नाही, घाम तेवढा येतो. आता निघायच्या आधी मोजतो. ९० च्या खाली असली तर आधी खाणं, मग अर्ध्या तासानं चालणं. आमच्याकडे चतकोर भाकरी आणि अर्धा कप दूध. खिशात साखरेची पुडी असतेच. साखरेच्या गोळीची वेळ मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला.

धुळेकर_नाना: रोज बारा बदाम, शिवाय अंजीर, अक्रोड. मी कधी भाव बघत नाही.

भुसावळचा_भो: दिसतंय ते. ताईंचं बरोबर आहे, आणि भरपेट खाऊन चालायचं नाही हेही.

यावलकर: हेच मी म्हणत होतो.

मेहरूण_काठ: सगळ्यांचे आभार. ताईंचं वाचून काल पहाटे साखर मोजली, ८४ निघाली. आई भाकरी घेऊन उभी. अप्पा म्हणाले, तोंड धुतल्याबरोबर घास उतरत नाही, मी आयुष्यात सातच्या आधी खाल्लेलं नाही. डॉक्टरांना फोन केला. आता पहाटेचं बंद, संध्याकाळी साडेपाचला जातात. जेवण एकला होतं, म्हणजे पोट जड नसतं. निघण्याआधी साखर मोजतात, जिभेखालची गोळी आणि साखरेची पुडी खिशात. मेपर्यंत ऊन चढेल तेव्हाचं तेव्हा बघू. आणलेली केळी मीच संपवली.

धुळेकर_नाना: मेमध्ये ट्रेडमिलच लागेल. आमची घेता का? चादरी काढून देतो.