पर्यावरण अभियांत्रिकी: गणिताइतकेच जीवशास्त्रही

गणित आणि संगणकीय प्रतिमाने पक्की असली की पर्यावरण अभियांत्रिकीत अडत नाही, हे मत मला अर्धेच पटते. संकल्पचित्रे करण्यापुरते ते खरे आहे. पण सांडपाणी शुद्धीकरणात प्रत्यक्ष काम करतात ते जिवाणू, आणि त्यांची ओळख नसेल तर आकडेमोड पांगळी पडते. सक्रिय गाळ पद्धत, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडून जिवाणूंच्या गाळाकडून ते शुद्ध करून घेण्याची रीत, १९१४ साली मँचेस्टरमध्ये मांडणारे अर्डर्न आणि लॉकेट हे गणितज्ञ नव्हे तर रसायनतज्ज्ञ होते, हेही या संदर्भात लक्षात घ्यावे.

शुद्धीकरण केंद्रातल्या उमेदवारीच्या काळात मला हे फार ठळकपणे जाणवले. जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीची (म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो याची) प्रमाणित चाचणी २० अंश सेल्सिअसला ५ दिवस चालते, त्यामुळे तिचा निकाल हाती येईपर्यंत ते पाणी केव्हाच नदीत गेलेले असते. म्हणून रोज सकाळी वायुवीजन टाकीतले (जिथे सांडपाण्यात हवा सोडतात) मिश्रण एक लिटरच्या नळकांड्यात घेऊन ३० मिनिटे स्थिर ठेवायचे आणि गाळ कुठपर्यंत बसतो ते पाहायचे. तपकिरी, ओल्या मातीचा वास येणारा गाळ निरोगी; काळपट आणि कुजका वास येणारा असेल तर ऑक्सिजन कमी पडतो आहे. या शाखेत प्रवेश घेण्यापूर्वी एखाद्या शुद्धीकरण केंद्रात आठवडाभर तरी असे उभे राहून पाहावे, असे मी मनापासून सुचवीन.