मदत हवी आहे: पुण्यात व्हीलचेअर रग्बीचा सराव कुठे होतो?

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाच्या मानेच्या मणक्याला इजा झालेली आहे. हात उचलता येतात, पण बोटांत पकड नाही. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये जपानने अमेरिकेला ४८-४१ असं हरवून सुवर्ण जिंकलं. तो सामना पाहिल्यापासून त्याला हाच खेळ खेळायचाय. आणि तो खरंच त्याच्यासाठी आहे! १९७७ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला सुरू झाला तोच हातांतही बळ कमी असणाऱ्यांसाठी. प्रत्येक खेळाडूचं वर्गीकरण हालचालीच्या क्षमतेनुसार ०.५ (सर्वांत कमी क्षमता) ते ३.५ गुणांत होतं आणि मैदानावरच्या चौघांची बेरीज साधारणपणे ८ च्या वर जाऊ देत नाहीत. त्यामुळे कमी गुणांच्या खेळाडूलाही संघात हक्काची जागा असते.

पुणे-पिंपरी चिंचवडमध्ये कुणी हा खेळ खेळतं किंवा शिकवतं का? खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये (मणक्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र) कुणाची ओळख आहे का? बास्केटबॉलचं बंदिस्त मैदान चालेल, पण रॅम्प आणि खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह हवंच. साधी व्हीलचेअर धडका सोसत नाही, म्हणून खेळाची जुनी खुर्ची कुणी विकत असेल तर तेही कळवा. आम्ही सिंहगड रोडला राहतो, बालेवाडीपर्यंत यायची तयारी आहे.