मदत हवी आहे: होंडाची १९९१ ची एनएसएक्स घेऊ की १९९५ ची फेरारी ३५५? (बाबा परत जायच्या आत ठरवायचंय)

नमस्कार मंडळी,

पोस्ट लांबणार आहे पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहितो. मी मूळचा कोल्हापूरचा, गेली एकोणीस वर्षं कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो. बाबांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, शाळा सुटली की मी तिथेच, हात कायम ग्रीसमध्ये. तेव्हा फॉर्म्युला वनच्या आयर्टन सेनाचा जमाना, होंडाचं इंजिन आणि मॅक्लारेनची टीम, पेपरात फोटो आला की कापून लेथच्या मागच्या भिंतीला चिकटवायचो. पुढे कुठेतरी वाचलं की १९८९ मध्ये जपानच्या सुझुका ट्रॅकवर सेनाने होंडाच्या नव्या स्पोर्ट्स कारचा, म्हणजे एनएसएक्सचा, प्रोटोटाइप चालवला आणि बॉडी अजून ताठ पाहिजे असं सांगितलं, मग होंडाच्या लोकांनी जर्मनीत नुर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर जाऊन काम करून ती जवळजवळ पन्नास टक्क्यांनी ताठ केली. तेव्हापासून एनएसएक्स डोक्यात बसलीय ती बसलीच.

आता घराचं कर्ज फिटलंय, मुलीच्या कॉलेजचे पैसे बाजूला काढून ठेवलेत, आणि बायकोच म्हणाली की किती वर्षं नुसतं बघत बसणार आहेस, घे एक. बजेट एक लाख डॉलर, त्यात पहिल्या वर्षाची दुरुस्तीसुद्धा बसली पाहिजे. आधी एअर-कूल्ड पोर्शे ९९३ टर्बो डोक्यात होती पण त्या भावात आता ती चांगल्या अवस्थेतली मिळत नाहीये, तो विषय संपला. उरल्या दोन.

पहिली, १९९१ ची एनएसएक्स, इथे अक्युराच्या बॅजखाली विकली जायची. लाल, पाच गिअरची मॅन्युअल, १ लाख १२ हजार मैल पळालेली. सॅक्रामेंटोचे एक निवृत्त डेंटिस्ट आहेत, १९९६ पासून गाडी त्यांच्याकडेच. मागतायत ६१ हजार. दुसरी, १९९५ ची फेरारी ३५५ स्पायडर (उघडणाऱ्या छताची), सहा गिअरची गेटेड मॅन्युअल (लिव्हर धातूच्या खाचांतून सरकते ती), फक्त १९ हजार मैल, एका डीलरकडे, किंमत ९२ हजार.

दोन्ही चालवून बघितल्या, बाबांना घेऊनच गेलो होतो. (ते तीन महिन्यांसाठी आलेत, वय ७४, १४ तारखेला परत जाणार.)

फेरारीचं काय सांगू. साडेतीन लिटरचा व्ही८, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह म्हणजे एकूण चाळीस, आणि साडेआठ हजार आरपीएमपर्यंत जातो. सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं दुसरा गिअर पडतच नाही, तेल गरम होईपर्यंत पहिल्यातून थेट तिसऱ्यात टाकायचा, आणि एकदा गरम झाली की लोखंडी गेटमधून लिव्हर सरकताना जो टक्क आवाज येतो तो अजून कानात आहे. बोगद्यातून जाताना माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

एनएसएक्स तशी शांत. बसल्यावर पुढचं बॉनेट इतकं खाली की रस्ता पायापाशी सुरू होतो असं वाटतं, खांब बारीक, चारी बाजूंनी नीट दिसतं. ट्रॅफिकमध्ये सिव्हिकसारखी चालते. पण ५८०० च्या पुढे व्हीटेक (जास्त वेगात व्हॉल्व्ह जास्त उघडायची होंडाची यंत्रणा) लागलं की डोक्यामागून जो आवाज येतो आणि आठ हजारांपर्यंत इंजिन ज्या सहजतेने चढतं, तिथे कळतं की तीन लिटरच्या व्ही६ मध्ये टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड का घातले होते.

आता बाबांचं. इंग्रजी त्यांना फारसं येत नाही. डीलरने फेरारीचं इंजिन कव्हर उघडलं तर बाबा वाकून पाच मिनिटं नुसते बघत उभे, मग मला म्हणाले, "पट्टा कधी बदललाय विचार की त्यास्नी." विचारलं. डीलर म्हणाला रेकॉर्ड आधीच्या मालकाकडे असेल. मग बाबांनी एका नटावर बोट ठेवलं. "ह्याचं कोपरं बघ. पाना नीट बसला नव्हता आन् तसाच ओढलाय." मी वाकून बघितलं तर खरंच, सहातले तीन कोपरे गोल झालेले. आत केबिनमध्ये एसीच्या बटणांवरचं कोटिंग वितळल्यासारखं चिकट, बोटाला काळं लागत होतं.

सॅक्रामेंटोला डेंटिस्टकाकांनी गाडीआधी फाईल दाखवली, दोन जाड फाईली, प्रत्येक ऑइल चेंजची पावती, टायमिंग बेल्ट (बाबांनी विचारलेला तोच पट्टा, व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा) २००४ ला, २०१२ ला आणि २०२१ ला. बाबांनी त्या पावत्या एक एक करून उलटल्या, भाषा कळत नसताना.

माझे प्रश्न:
एवढे मैल झालेली एनएसएक्स आणि कमी पळालेली फेरारी, यांची तुलना करायची कशी? तपासणीत नेमकं काय बघायला सांगू? आणि कॅलिफोर्नियात जुनी गाडी ठेवताना स्मॉगची, म्हणजे धुराच्या तपासणीची, काय भानगड असते? ज्यांनी स्वतः अशी गाडी ठेवलीय त्यांनी मोकळेपणाने लिहा, प्लीज.

सातारी_स्टिअरिंग
दादा, माझ्याकडे १९९२ ची एनएसएक्स नऊ वर्षं आहे, न्यू जर्सीत. मैल बघू नकोस, इंजिन दणकट आहे, नीट तेल बदललं तर दोन लाख मैलांच्याही आहेत. बघायचा तो गिअरबॉक्स. १९९१-९२ च्या काही गिअरबॉक्सच्या केसमध्ये स्नॅप रिंगची खाच चुकीची कापली गेली होती. ही रिंग शाफ्टचं बेअरिंग जागेवर धरून ठेवते, ती तुटली की तुकडे आत फिरतात आणि आख्खी केस फोडतात. कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंतचे गिअरबॉक्स त्यात येतात ते माहीत आहे आणि नंबर केसवरच कोरलेला असतो, गाडी लिफ्टवर घेतली की आरशाने वाचता येतो. आधी तो फोटो मागव. फाईलमध्ये केस बदलल्याची पावती असेल तर प्रश्नच मिटला.

दुसरं, क्लायमेट कंट्रोल युनिट. आतले कपॅसिटर गळतात आणि सर्किट बोर्ड खातात, एसी मनाला येईल तसा वागतो. काढून रिपेअरला पाठवता येतं, घाबरायचं कारण नाही. मागचे टायर लवकर झिजतात ते मात्र धरूनच चाल, अलाइनमेंटच तशी ठेवलीय.

नाशिकची_नेहा
अपघाताचं कोणीच काही बोललं नाही म्हणून लिहिते. एनएसएक्सची आख्खी बॉडी अॅल्युमिनियमची मोनोकॉक आहे, म्हणजे वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, प्रॉडक्शन गाडीत हे पहिल्यांदा यांनीच केलं. त्यामुळे साधा डेंटिंगवाला तिला सरळ करू शकत नाही, आणि रंगाची जाडी मोजायचं जे स्वस्त मशीन असतं ते फक्त लोखंडावर चालतं, अॅल्युमिनियमवर रीडिंगच येत नाही. तपासणीवाल्याकडे नॉन-फेरस मोजणारं मीटर आहे का ते आधी विचारा. माझ्या नवऱ्याने एक गाडी अशीच "स्वच्छ" म्हणून घेतली होती, नंतर पुढच्या सस्पेन्शनच्या टॉवरजवळ वेल्डिंग सापडलं, दीड वर्ष त्यात गेलं.

लंडनचा_पाटील
मी चार वर्षं ३५५ बर्लिनेटा (बंद छताची) ठेवली. आयुष्यातला सगळ्यात सुंदर आवाज, विकली तेव्हा रडलो होतो. पण आता खर्चाचं ऐक. बेल्ट बदलायला इंजिन आख्खं मागच्या सबफ्रेमसकट खाली उतरवावं लागतं. ते मैलांवर नाही, वर्षांवर करायचं असतं, तीन ते पाच वर्षांत एकदा, गाडी हलली असो वा नसो. म्हणून १९ हजार मैल ऐकून मला आनंद नाही झाला, भीतीच वाटली. सुरुवातीच्या गाड्यांत व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) ब्राँझचे होते, ते झिजतात. एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करणारे पाइप) हीट शिल्डच्या आत तडकतात, बाहेरून काहीच दिसत नाही. स्पायडरला वर इलेक्ट्रिक छत, त्याचे सेन्सर आणि पट्टे वेगळे.

लीक-डाउन टेस्ट केल्याशिवाय एक डॉलरही देऊ नकोस. सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के गळते ते बघतात आणि कुठून गळते तेही ऐकू येतं, एक्झॉस्टमधून फुसफुसली तर व्हॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून आली तर पिस्टनच्या रिंगा. रिकाम्या फाईलची फेरारी स्वस्त कधीच नसते. आणि तरीसुद्धा टेस्ट चांगली निघाली तर मी म्हणेन फेरारीच घे.

सॅन_होजे_सुहास
स्मॉगचं सांगतो. १९७५ पर्यंतच्या गाड्यांना इथे माफी आहे, १९७६ पासून पुढच्या पेट्रोल गाडीला, अगदी नव्या सोडल्या तर, दर दोन वर्षांनी टेस्ट. तुमच्या दोन्ही गाड्या जुन्या म्हणून बे एरियात रोलरवर चढवून धुराड्यातला गॅस मोजतात, शिवाय डोळ्यांनी तपासणी. मॅनिफोल्ड किंवा कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) बाहेरच्या कंपनीचा असेल आणि त्यावर कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मान्यतेचा ईओ नंबर नसेल तर गॅस स्वच्छ असला तरी नापास. ३५५ वाले बऱ्याचदा तडकलेले मॅनिफोल्ड काढून बाहेरचे लावतात, तर ते नक्की बघा. विक्रीच्या वेळी ताजं सर्टिफिकेट द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची असते, ९० दिवसांच्या आतलं. "तुम्हीच करून घ्या" म्हणाला तर तिथून निघा.

गोंयकार७७
जपानातून का मागवत नाही? पंचवीस वर्षं झाली की अमेरिकेत आणता येते, भावही बरा मिळतो.

धागाकर्ता
गोंयकारभाऊ, तो केंद्राचा नियम. कॅलिफोर्नियाच्या प्रदूषणाच्या नियमात पंचवीस वर्षांची सवलत नाही, लॅबमध्ये टेस्ट करून पास करावी लागते आणि त्यात वाचवलेले सगळे पैसे जातात. म्हणून इथलीच बघतोय.

सुहास, नेहाताई, पाटील, सातारी, सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही तपासण्या बुक केल्यात.

अकोल्याचा_अभि
इन्शुरन्स विसरू नका. साध्या पॉलिसीत घसारा कापून पैसे देतात, तुम्हाला अग्रीड व्हॅल्यूची पॉलिसी पाहिजे, म्हणजे गाडीची किंमत आधीच कागदावर ठरते. त्यांना रोजची वेगळी गाडी आणि बंद गॅरेज लागतं, आणि काही जण वर्षाला किती मैल ते ठरवून देतात. तुम्हाला पळवायची असेल तर आधी ते वाचा.

आणि माझं मत, डिझायनर गॉर्डन मरे यांनी मॅक्लारेन एफ१ ही रस्त्यावरची सुपरकार बनवताना राइड आणि हँडलिंगसाठी एनएसएक्स समोर ठेवली होती. ज्या गाडीवरून त्या माणसाने माप घेतलं तिला "फक्त होंडा" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

धागाकर्ता
अपडेट. आधी फेरारी. आठपैकी सहा सिलिंडर ठीक, दोन १८ आणि २१ टक्के गळतायत, हवा एक्झॉस्टमधून. म्हणजे पाटील म्हणाले तेच, व्हॉल्व्ह. डाव्या बाजूचा मॅनिफोल्ड बाहेरचा निघाला, ईओ नंबर कुठेच नाही. बेल्टवर छापलेली तारीख बघून मेकॅनिकने मला बोलावून दाखवली, अकरा वर्षांपूर्वीची. इंजिन उतरवून गाइड, बेल्ट आणि मॅनिफोल्ड मिळून अंदाज ३० हजारांच्या पुढे. डीलर चार हजार कमी करायला तयार झाला. मी नमस्कार करून बाहेर पडलो. वाईट खूप वाटलं, घरी येईपर्यंत गाडीत कोणीच बोललं नाही.

एनएसएक्स: कॉम्प्रेशन सहाही सिलिंडरचं जवळजवळ सारखं, रंग सगळीकडे मूळचा, वेल्डिंग नाही. एसीचा पंखा एकाच वेगात अडकलेला, सातारींनी सांगितलेलं तेच. आणि गिअरबॉक्सचा नंबर नेमका त्याच रेंजमधला, केस बदलल्याची पावती नाही.

आता सांगा. १ लाख १२ हजार मैलांत जी रिंग तुटली नाही ती पुढे तुटेल का? तशीच चालवू की आत्ताच उघडू?

सातारी_स्टिअरिंग
उघड. एवढे मैल टिकली म्हणजे तुझी केस बहुतेक बरी कापलेली असेल, पण "बहुतेक" वर कोणी दरीच्या कडेने गाडी चालवत नाही. तुटल्यावर गिअर पण जातात, आधी उघडलं तर केस आणि बेअरिंगवर भागतं. क्लच दोन प्लेटचा आहे, महाग आहे, तो त्याच वेळी बदल, मजुरी एकदाच लागेल. मालकाला नंबर दाखव आणि प्रेमाने भाव कर, माणूस चांगला दिसतोय.

लंडनचा_पाटील
फेरारी सोडलीस ते बरोबर केलंस. मला सोडता आली नव्हती.

धागाकर्ता
काल परत सॅक्रामेंटोला गेलो. काकांना नंबरचा फोटो दाखवला, त्यांना हा प्रकार माहीतच नव्हता, आत जाऊन चष्मा घेऊन आले आणि दहा मिनिटं वाचत बसले. मग स्वतःहून ५५ हजार म्हणाले. स्मॉगचं सर्टिफिकेट टेबलावर तयारच होतं. मी घासाघीस केली नाही, हो म्हटलं. निघताना त्यांनी गाडीच्या छतावर हात ठेवला आणि तसाच थोडा वेळ ठेवला, बाबांनी ते बघितलं आणि जाऊन त्यांचा हात हातात घेतला. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही.

येताना बाबा शेजारच्या सीटवर. गुडघे दुखतात म्हणून आत बसताना आधी पाठ टेकवून मग एकेक पाय उचलून आत घ्यायला लागला, पण बसले. हायवेवर एकदाच दुसऱ्या गिअरमध्ये आठ हजारांपर्यंत नेली. ते काही बोलले नाहीत, फक्त मागे वळून इंजिनच्या काचेकडे बघितलं आणि म्हणाले, "परत कर."

गिअरबॉक्स पुढच्या मंगळवारी उघडणार. बाबांनी मेकॅनिकला सांगायला लावलंय की जुनी रिंग फेकू नका, त्यांना ती बघायचीय. सातारी, क्लचसाठी तुम्ही कुठल्या प्लेट घातल्या होत्या ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आणि केस उघडली की फोटो टाकतोच.