मदत हवी आहे : खंदकातलं चित्र पुठ्ठ्यावरून कसं सोडवावं?

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर एका सैनिकाने वहीच्या पानावर काढलेलं चित्र आहे. रेषा कॉपीइंग पेन्सिलीच्या (ओल लागली की शाईसारखी होणारी पेन्सिल), वर जलरंगाचा पातळ हात. पान सरसाने पुठ्ठ्याला चिकटवलंय आणि पुठ्ठ्यातल्या आम्लामुळे कडा तपकिरी, ठिसूळ झाल्यात.

पाणी वापरायची सोय नाही. या पेन्सिलीत ग्राफाइटबरोबर मिथाइल व्हायोलेट हा पाण्यात विरघळणारा जांभळा रंग असतो. एका कोपऱ्यात ओलं बोट लागलंय, तिथे करडी रेष जांभळी होऊन पसरलीय. वाफही त्यामुळे नकोच.

पुठ्ठ्याचे थर मागून स्कॅल्पेलने कोरडेच सोलले, सरस मात्र उरला. तो मऊ करायला त्यावर मिथाइल सेल्युलोजचा (पाण्यात कालवून जेलसारखी होणारी पूड) घट्ट लेप दिला तर ओल रेषांपर्यंत झिरपेल का? की आधी वितळवलेल्या सायक्लोडोडेकेनने (मेणासारखा, नंतर आपोआप उडून जाणारा पदार्थ) रेषा झाकाव्यात? लेप किती मिनिटं ठेवता? असं काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सांगा.